बंगल्याच्या आवारात देशी पाइन: नाशिकच्या मातीत जमेल का?

आनंदवल्लीकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. नव्या बंगल्याच्या नैऋत्य कोपऱ्यात साधारण २० बाय २२ फूट जागा मोकळी आहे. पश्चिमेला कंपाउंड आणि पलीकडे रस्ता, त्यामुळे दुपारचं ऊन थेट हॉलच्या काचांवर येतं. तिथे बारमाही हिरवं राहील असं एकच मोठं झाड लावायचं आहे. घरात सगळ्यांचं पाइनवर एकमत झालंय. माझी अट एवढीच की झाड देशी हवं.
माती वर तीनेक फूट काळी, खाली मुरूम. पाणी नळाचं, उन्हाळ्यात बोअरचं. नर्सरीत पाच फुटी 'इंडियन पाइन' दाखवलाय, एका पिशवीत तीन खोडं आहेत, फांद्या छत्रीसारख्या थरांनी आलेल्या. घ्यावा का? खड्डा केवढा? पाणी किती? नाशिकच्या उन्हाळ्यात टिकेल का?

खोडसाळ
नैऋत्य कोपरा जड हवा म्हणतात, म्हणजे वास्तूवाल्यांचा होकार आलाच. आता झाडाला विचारा.

सूचिपर्ण
आधी ते 'इंडियन पाइन' बाजूला ठेवा. एका पिशवीत तीन खोडं आणि थरांनी फांद्या म्हणजे तो ऑरोकॅरिया, आपल्याकडचा 'ख्रिसमस ट्री'. पाइनशी त्याचा संबंध फक्त नावापुरता. मूळ न्यू कॅलेडोनिया किंवा नॉरफोक बेटावरचा, म्हणजे पॅसिफिकमधला. पिशवी भरगच्च दिसावी म्हणून तीन-चार रोपं एकत्र वाढवतात. जमिनीत तशीच लावली की पुढे खोडं एकमेकांना रेटतात.

खरा पाइन ओळखायची खूण सोपी आहे. सुया जुडीने येतात आणि जुडीच्या बुडाशी कागदासारखं पातळ वेष्टन असतं. चिडाच्या, म्हणजे हिमालयातल्या आपल्या देशी पाइनच्या, जुडीत तीन सुया, लांबी २० ते ३० सेंटीमीटर, मऊ आणि खाली झुकलेल्या. ऑरोकॅरियाला जुडी नसते, आखूड वाकडे काटे फांदीभर खवल्यांसारखे बसलेले असतात. सुरूची 'सुई' हे पान नसून डहाळी असते. ओढली की पेरावर तुटते आणि पेरावर भिंगातून दिसतील असे बारीक दात असतात, तीच त्याची पानं. मोरपंखी तर कोणीही ओळखेल, उभे धरलेले चपटे पंखे.

एक सावधगिरी: चिडाच्या अगदी लहान रोपाला सुरुवातीला एकेकटी, निळसर, आखूड पानं येतात. तीनच्या जुड्या नंतर धरतात. त्यामुळे सहा महिन्यांच्या रोपात जुडी दिसली नाही म्हणून फसवलं असं समजू नका.

पानगळ
'देशी' शब्दावर थोडं थांबू या. चीड भारतीय आहे हे खरं, पण तो हिमालयाच्या उताराचा, साधारण ४५० ते २३०० मीटर उंचीचा. खासी पाइन मेघालयाकडचा. कैल आणि चिलगोजा आणखी वरचे, त्यांचा नाशिकमध्ये विचारही नको. महाराष्ट्राच्या जंगलात आपला आपण उगवलेला सूचिपर्णी वृक्ष एकही नाही. सबंध दक्षिण भारतात असा एकच आहे, नागेया. तोही निलगिरीपासून खाली, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, आणि त्याची पानं सुईसारखी नसून रुंद असतात. उटी-कोडाईकनालच्या 'पाइन फॉरेस्ट'मध्ये लोक फोटो काढतात, ते लावलेले परदेशी पाइन आहेत.

म्हणून 'भारतात आहे ना, मग देशी' हे मला पटत नाही. नाशिकहून हजार किलोमीटरहून लांबचं झाड इथल्या पाखराला, फुलपाखराला जवळपास परकंच.

गोदाकाठ
मग आंब्यापासून चिंचेपर्यंत सगळ्यांचे दाखले तपासायचे का? चिंच आफ्रिकेतून आली, तिला कोणी परकी म्हणत नाही. माणसाला घराजवळ सुयांचं झाड हवंय, लावू द्या की.

पानगळ
चिंच शेकडो वर्षं इथे आहे आणि आपली आपण तगते. चिडाला तुम्ही हात दिल्याशिवाय इथे जगता येणार नाही, फरक तो आहे. लावू नका असं म्हणत नाही, 'देशी'चं लेबल लावून लावू नका एवढंच.

कुंदा७१
पण पाइन थंड हवेचं झाड ना? नाशिकला एप्रिल-मेमध्ये चाळीस-बेचाळीस जातं. भाजून निघेल.

सूचिपर्ण
कुंदाताई, हा सगळ्यांचाच समज आहे. चीड हिमालयाच्या पायथ्याचा पाइन आहे, कोरडा उन्हाळा आणि चाळीसचा पारा त्याला नवा नाही. थंडीचं म्हणाल तर निफाडला कडाक्यात पारा पाचच्या खाली जातो, तीही तो सहज काढतो. उंचीही बसते, नाशिक सहाशे मीटरच्या आसपास आहे. इथली हवा त्याला अडवत नाही, अडवते ती माती. त्याला निचऱ्याची, हलकी, आम्लधर्मी जमीन लागते आणि आपली काळी जमीन नेमकी उलटी: चिकट, पाणी धरणारी, पीएच आठच्या पुढे आणि वर चुनखडी.

निफाडचा_बाग्या
चुनखडीचं नाव काढलंत आणि धागा आमच्या बांधावर आला. द्राक्षात आम्ही हेच भोगतो. आनंदवल्लीकर साहेब, झाड ठरवायच्या आधी दोन तपासण्या करा, दोन्ही मिळून शंभर रुपयांच्या आत.

पहिली चुन्याची. एक फूट आणि तीन फूट खोलीवरची चमचा-चमचा माती वाळवून बशीत घ्या आणि वर पांढऱ्या व्हिनेगरचे दहा थेंब टाका. कानाशी नेल्यावर बारीक चुरचुर ऐकू आली तर चुना आहे. डोळ्यांना फेस दिसला तर भरपूर आहे. व्हिनेगरला काहीच झालं नाही तरी एकदा संडास साफ करायच्या ॲसिडचे दोन थेंब टाकून बघा, कमी चुना त्यालाच कळतो. हात जपून, उघड्यावर करा. मुरूम आणलात तर त्याचीही हीच परीक्षा. पांढरे खडे असलेला मुरूम फसवतो.

दुसरी निचऱ्याची. फूट बाय फूट खड्डा, फूटभर खोल. काठोकाठ पाणी भरा आणि पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा, आता पट्टी उभी करून तासाला किती उतरतं ते मोजा. तासाला इंचभर उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उभं असेल तर तिथे खड्डा करून पाइन लावणं म्हणजे हौदात लावणं.

आणि नवीन बांधकाम म्हणालात, तर पहिलं फूटभर उकरून बघाच. मार्जिनमध्ये, म्हणजे घराभोवतीच्या मोकळ्या जागेत, प्लास्टरचा चुरा, सिमेंटचा माल, विटांचे तुकडे पुरलेले असतात. तो सगळा चुनाच.

अर्धा_ब्रास
गंधक टाकला की पीएच उतरतो ना? खतवाले तर पाच किलोची पिशवी देतात आणि 'काम झालं' म्हणतात.

निफाडचा_बाग्या
पीएच उतरवायच्या आधी गंधकाला चुना संपवावा लागतो. हिशेब करू. १०० किलो चुना विझवायला ३२ किलो गंधक. एका झाडाची माती धरा दीड टन. त्यात एकच टक्का चुना असेल तर १५ किलो, म्हणजे जवळपास ५ किलो गंधक. आमच्याकडच्या काही जमिनींत आठ-दहा टक्के निघतो. आठ टक्के धरला तर १२० किलो चुना आणि ३८ किलो गंधक. एवढा एकदम टाकला तर झाड आधी मरेल, चुना नंतर. आणि भोवतालच्या मातीतून, पाण्यातून चुना परत येतच राहतो. बिनचुन्याच्या मातीत पीएच अर्धा-एक खाली आणायला गंधक उत्तम. चुनखडीत तो खर्च समुद्रात साखर टाकल्यासारखा.

खोडसाळ
३८ किलो गंधक? दिवाळीत शेजारी पोलीस बोलावतील.

सूचिपर्ण
म्हणून खाली खोदायच्या ऐवजी वर जायचं. काळ्या जमिनीत ३ बाय ३ बाय ३ चा खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरणं ही सगळ्यात मोठी चूक. भोवती चिकट काळी, मध्ये सच्छिद्र भरण, मग पावसाळ्यात चहूबाजूंचं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि तिथेच थांबतं. झाड जुलैत हिरवंगार दिसतं, सप्टेंबरअखेर शेंडे तपकिरी होतात आणि लोक म्हणतात ऑक्टोबर हीटने गेलं. गेलेलं असतं मूळकुजीने.

करायचं असं: जागेवरची माती वितभर खोल फक्त फोडून घ्या, काढू नका, म्हणजे वरच्या भरावाचा आणि खालच्या मातीचा सांधा राहतो. त्यावर दीड ते दोन फूट उंच, बुडाला आठ फूट आणि माथ्याला चार फूट व्यासाचा उंचवटा करा. भरण आकारमानाने: चार भाग बिनचुन्याचा लाल मुरूम, तीन भाग पोयटा, दोन भाग जाड वाळू, एक भाग कुजलेला पालापाचोळा. शेणखत घालायचा मोह आवरा, घातलंच तर एखादी पाटी आणि वर्षभर मुरलेलं. क्रश सँड चालते, पण धुऊन. तिच्यातली भुकटी पावसात बसते आणि निचरा बुजवते.

अर्धा_ब्रास
तुमच्या आकड्यांवरून मोजलं. दीड फूट उंची, बुड आठ, माथा चार फूट: ४४ घनफूट. ब्रासचे १०० घनफूट, म्हणजे पाव आणि अर्धा यांच्या मधला माल. पावसात बसतो म्हणून वीस टक्के वाढवा, ५३. माझ्या आयडीवर आलं बघा.

कुंदा७१
पाइनच्या सुयांनी माती आम्ल होते म्हणतात. मग झाड स्वतःच आपली माती सुधारून घेणार नाही का?

पानगळ
नाही. ताज्या सुया आम्ल असतात, पण कुजताना ती आम्लता संपते. वर्षानुवर्षं आच्छादन केलं तरी मातीचा पीएच जेमतेम हलतो, चुनखडीत तर अजिबात नाही. आच्छादन म्हणून मात्र सुया उत्तम, एकमेकींत अडकतात आणि वाऱ्याने उडत नाहीत.

गोदाकाठ
एक गोष्ट कोणी बोललं नाही: बुरशी. पाइनच्या मुळांवर मित्र-बुरशी असते, तिच्याशिवाय झाडाला स्फुरद उचलता येत नाही. ज्या देशांत पाइन मुळात नव्हता तिथे बियांपासून केलेल्या लागवडी सुरुवातीला याच कारणाने खुरटल्या होत्या. पाइनखालची माती आणून टाकल्यावर त्याच रोपांनी उचल खाल्ली. आपल्या काळ्या मातीत ती बुरशी असायचं कारण नाही, कारण इथे पाइनच नाही. वड-आंब्याची बुरशी वेगळ्या जातीची, ती इथे कामाची नाही.

म्हणून रोप घेताना उघड्या मुळांचं कधीच नको. पिशवीतली माती थोडी बाजूला सारून बघा. बारीक मुळांची टोकं आखूड, जाडसर, दोन फाटे फुटलेली आणि त्यावर पांढरट धागे दिसले तर सोनं मिळालं समजा. ती माती धुवायची नाही, झटकायची नाही. पांढरं दिसलं म्हणून बुरशीनाशक ओतणारे महाभाग असतात, त्यांनी कृपया हात मागे घ्यावा.

निफाडचा_बाग्या
आम्ही बागायतदार ते पहिलं करू. पांढरं दिसलं की ब्लू कॉपर, सवयच आहे.

सूचिपर्ण
गोदाकाठ यांना पूर्ण अनुमोदन. बुरशी नसेल तर रोप दोन-तीन वर्षं फूटभरच राहतं आणि सुया जांभळट पडतात. तेव्हा खत वाढवून काही होत नाही.

रोपाबद्दल उरलेलं. वय एक ते दीड वर्ष, उंची एक ते दीड फूट, यापेक्षा मोठं नको. चिडाचं सोटमूळ झपाट्याने खाली जातं, मोठ्या रोपात ते पिशवीच्या बुडाशी वेटोळं घालून बसतं. वेटोळं तसंच लावलं तर पाच-सात वर्षांनी वादळात झाड बुडापासून आडवं. खोड बोटात धरून हलकेच वर उचला. मातीचा गोळा बरोबर उचलला तर मुळं धरलेली आहेत. खोड वर आणि गोळा खाली राहिला तर कालच पिशवीत कोंबलंय.

बियांपासून करायचं असेल तर चीड सोपा आहे, थंडीची प्रक्रिया लागत नाही. २४ तास पाण्यात भिजवून बुडाला बसलेल्या बिया घ्यायच्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाड वाळूत एक सेंटीमीटर खोल पेरायच्या. दोन ते चार आठवड्यांत उगवतात. उगवल्यावर पहिले सहा आठवडे धोक्याचे: जास्त पाण्याने बुडाशी काळं पडून कोलमडतात. पाणी सकाळी, बुडाशी, वाळूचा वरचा थर सुकल्यावरच. आणि पेरणीच्या वाळूत मूठभर पाइनखालची माती हवीच, नाहीतर वरचा सगळा बुरशीचा उपदेश फुकट.

आनंदवल्लीकर
बापरे, इतकं सगळं! तपासण्या करून सांगतो. लागवड पहिल्या पावसात करायची ना? आणि पाण्याचं?

निफाडचा_बाग्या
वळीवावर भुलू नका. दोन-तीन दमदार पाऊस होऊन उंचवटा आतपर्यंत ओला झाला की लावा, म्हणजे जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा. खोडाचा गळा मातीच्या बरोबरीला, उलट बोटभर वरच. दोन बाजूंना दोन बांबू रोवा, सुतळी आठच्या आकड्यात सैल बांधा, वर्षाने काढा. काढायला विसरलात तर सुतळी सालीत रुतते.

पाणी: ऑक्टोबरपासून दोन ड्रिपर, ताशी चार लिटरचे, खोडापासून फूटभर लांब. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा सव्वा तास, म्हणजे १० लिटर. मार्चनंतर आठवड्यातून दोनदा. दर वर्षी ड्रिपर फूटभर बाहेर सरकवा. तिसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांतून एकदा भरपूर. लॉनच्या स्प्रिंकलरमध्ये हे झाड आलं तर पाण्यानेच मरेल.

नळाचं पाणी असेल तेव्हा तेच द्या. बोअरचं असेल तर केटलीत किंवा गिझरमध्ये पांढरा थर किती बसतो ते बघा, तोच थर मुळाशी बसणार आहे. २० लिटरच्या बादलीला ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिडपासून सुरुवात करा आणि पीएचच्या पट्टीने तपासा. सहा ते साडेसहा आला की पुरे. पट्टी न लावता अंदाजाने टाकू नका.

कुंदा७१
सुया पिवळ्या पडल्या तर काय समजायचं? माझ्याकडे कुंडीतलं काहीही पिवळं पडलं की सगळे 'लोह द्या' म्हणतात.

सूचिपर्ण
कुठल्या सुया पिवळ्या ते बघा. शेंड्याच्या नव्या पिवळ्या आणि खालच्या जुन्या हिरव्या, तर लोह. जुन्या आधी पिवळ्या, तर नत्र. टोकं तपकिरी आणि सगळीकडे, तर मुळाशी पाणी. आणि एप्रिल ते जूनमध्ये आतल्या, मागच्या वर्षांच्या सुया पिवळ्या होऊन गळतात, ते नेहमीचंच आहे.

लोह द्यायचं तर चुनखडीत साधा हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून उपयोग नाही, काही दिवसांत बंदिस्त होतो. ईडीटीएवालं चिलेट (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग) जास्त पीएचला फुटतं. ईडीडीएचए लिहिलेलं घ्या, ते टिकतं. लहान झाडाला १५ ते २० ग्रॅम, पाण्यात विरघळवून, संध्याकाळी. तातडीने हिरवं दिसायला हवं असेल तर फवारणी: लिटरला ५ ग्रॅम हिराकस, १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि स्टिकर. सुयांवर मेण असतं, स्टिकरशिवाय थेंब घसरतो. फरशीवर पडू देऊ नका, गंजाचा डाग निघत नाही.

पानगळ
'एप्रिल ते जूनमध्ये गळतात' हे वाक्य धागाकर्त्यांनी ठळक करून घ्यावं. सदाहरित म्हणजे पानं न गळणारं झाड नव्हे. चीड तर कोरड्या जागी उन्हाळ्यात इतका विरळ होतो की काही दिवस जवळजवळ बोडका दिसतो. म्हणजे नेमकं ज्या महिन्यांत तुम्हाला काचांवर सावली हवी, त्याच महिन्यांत त्याची पानगळ.

शिवाय तो तीस मीटरच्या पुढे जाणारा वृक्ष आहे. खालच्या फांद्या वयाबरोबर गळतात आणि खोड उघडं पडतं. पंधरा वर्षांनी हॉलच्या खिडकीतून दिसेल ते खोड, सावली पडेल शेजाऱ्याच्या गच्चीवर.

अर्धा_ब्रास
आणि सोलर. गच्चीवर पॅनेल असेल तर सुया, पिवळा पराग आणि वरून चिकट डिंक. पावसाळी पाइपची जाळी सुयांनी दोन पावसांत बंद होते. घरापासून २० ते २५ फूट अंतर धरा, म्हणजे २० बाय २२ च्या कोपऱ्यात बसतच नाही. महावितरणची तार रस्त्याच्या बाजूला असेल तर विषयच संपला.

गोदाकाठ
तारेखाली आला तर शेंडा छाटता येईल की.

सूचिपर्ण
शेंडा छाटला की दोन-तीन शेंडे निघतात, सांधा कच्चा आणि वाऱ्यात चिरतो. जुन्या बोडक्या फांदीवर कोंब येत नाहीत, त्यामुळे छाटणीत जे गेलं ते गेलं. लहानपणी बुडापासून फुटायची ताकद चिडात आहे, बहुतेक पाइनांत ती नसते. पण तिचा उपयोग जळालेल्या रोपाला, छाटलेल्या वृक्षाला नाही.

जळण्याचं निघालंच आहे तर: वाळक्या सुयांचा थर भुरकन पेटतो. उत्तराखंडात याला पिरूल म्हणतात आणि तिथल्या वणव्यांचं ते मोठं इंधन आहे. रस्त्यालगतच्या कोपऱ्यात, दिवाळीत, फटाक्यांच्या ठिणगीला हे नको. भिंतीपासून सहा फूट सुया झाडून काढा.

खोडसाळ
तरी ऑरोकॅरिया बरा म्हणायचा, निदान नाताळात दिवे लावता येतात.

गोदाकाठ
ऑरोकॅरियाची गंमत सांगतो. त्यातला कुक पाइन जगभर विषुववृत्ताकडे कलून वाढतो. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिणेत उत्तरेकडे. नाशिकमध्ये एखादा 'ख्रिसमस ट्री' कलंडलेला दिसला तर मालकाला दोष देऊ नका, त्याने दक्षिण दाखवायचं काम घेतलंय.

खोडसाळ
म्हणजे नैऋत्य कोपऱ्यात लावला की शेजाऱ्याकडे झुकणार. सोसायटीची मीटिंग ठरली.

आनंदवल्लीकर
तपासणीचा निकाल. वरच्या मातीत व्हिनेगरने चुरचुर, तीन फुटांवर स्पष्ट फेस. पाणी रात्री भरलेलं सकाळी चार इंच शिल्लक. एक फुटावर प्लास्टरचे तुकडे आणि टाइलचा माल निघाला. रस्त्याच्या बाजूला तार आहे, कंपाउंडपासून आठ फुटांवर. घराची भिंत कोपऱ्याच्या मध्यापासून १४ फूट. आता स्पष्ट सांगा.

निफाडचा_बाग्या
स्पष्ट सांगतो. त्या जागी चीड नको.

पानगळ
आता खरी देशी यादी घ्या. तुम्हाला हवं आहे बारमाही हिरवं, दाट, उन्हाळ्यात पान धरणारं, घराजवळ चालणारं आणि काळ्या चुनखडीत तगणारं. एवढ्या अटींत माझ्या मते दोनच.

बकुळ. पानोळा इतका दाट की खाली भरदुपारी थंड. वाढ संथ, वर्षाला फूट-दीड फूट. उंची छाटणीने बारा-पंधरा फुटांवर धरता येते, तारेचा प्रश्न मिटला. कोवळ्या रोपाला पहिले दोन उन्हाळे सावली द्या.

दुसरं पुत्रंजीवा. फांद्या खाली झुकलेल्या, पान चकचकीत गडद, काळ्या मातीत कुरकुर नाही. नर-मादी झाडं वेगळी असतात, बियांसाठी लावत नसाल तर फरक पडत नाही. बकुळीपेक्षा विरळ पण सुबक. आणि घरच्यांना सांगायला एक मुद्दा: चिडाचं शास्त्रीय नाव पायनस रॉक्सबर्गी, याचं पुत्रंजीवा रॉक्सबर्गी. दोघांची नावं एकाच वनस्पतिशास्त्रज्ञावरून, विल्यम रॉक्सबर्ग, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे. आडनाव तेच, झाड वेगळं.

सीता अशोक सुचवणार होतो, पण त्याला ओलावा आणि दुपारची सावली लागते, पश्चिमेच्या उन्हात पानांच्या कडा जळतात. नागकेशराचा आकार शंकूसारखा, अगदी मनासारखा, पण तो कोकणाच्या दमट हवेचा. जांभूळ टिकेल, पण जूनमध्ये फरशी जांभळी. करंज काही दिवस पान टाकतो.

खोडसाळ
बियांच्या बकुळीला फूल यायला सिंहस्थ उलटतो.

पानगळ
म्हणून कलम घ्या. कलमाला तीन-चार वर्षांत फूल. मात्र कलमाच्या सांध्याखालून येणारी फूट काढत राहायची.

कुंदा७१
आणि सुयांचं झाड हवंच असेल, निदान बघायला?

सूचिपर्ण
मग कुंडीतला चीड. १८ ते २० इंची, खोल, तळाला चार-पाच भोकांची मातीची कुंडी, भरण वर दिलं तेच, मुरूम थोडा जास्त. गच्चीवर पूर्ण ऊन, सावलीत तो लांबट होऊन मरतो. पाणी बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच, नळाचं. वसंतात नवे कोंब मेणबत्तीसारखे उभे राहतात. सुया फुटायच्या आधी ते बोटाने अर्धे मोडले की झाड आटोपशीर राहतं. दर तीन वर्षांनी कुंडीतून काढून मुळांचा बाहेरचा एक पंचमांश भाग कापा. गोळ्याच्या मधली माती कधीच झटकायची नाही, बुरशी तिथेच असते. कुंडीत चुनखडी नाही, तार नाही, १४ फुटांची अडचण नाही. फक्त वाळवी येते, म्हणून कुंडी विटांवर ठेवा, जमिनीला टेकवू नका.

अर्धा_ब्रास
एक कायद्याचं. नाशिक महापालिकेची हद्द आहे. १९७५ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. चुकीचं झाड लावून दहा वर्षांनी पश्चात्ताप झाला तर कुऱ्हाड काढून भागत नाही. कोपरा आत्ताच विचार करून भरा.

आनंदवल्लीकर
ठरलं. कोपऱ्यात कलमी बकुळ, घराच्या भिंतीपासून १४ फूट. गच्चीवर एक चीड कुंडीत, घरच्यांच्या आग्रहाखातर. प्लास्टरचा माल दोन फूट खोलीपर्यंत काढून घेतो. बकुळीलाही उंचवटा लागेल का?

पानगळ
सकाळी चार इंच पाणी उभं राहतंय म्हणता, तर नऊ इंच ते फूटभर लागेलच. बकुळ काळी माती सोसते, तुंबलेलं पाणी नाही.

आनंदवल्लीकर
मग लाल मुरूम किती मागवू? अर्धा ब्रास मिळेल का?

अर्धा_ब्रास
अर्धा ब्रास कोणी आणून टाकत नाही, भाड्यातच परवडत नाही. एक ब्रास सांगा. उतरवून घ्यायच्या आधी ट्रॉलीवर चढून तीन ठिकाणचा मुरूम मुठीत घ्या आणि व्हिनेगर टाका. फेस आला तर ट्रॉली परत. उरलेला गाडी लावता तिथे पसरा, पावसात चिखल होणार नाही.

निफाडचा_बाग्या
आणि व्हिनेगरची बाटली ट्रॉलीवाल्यासमोरच उघडा. तुम्हाला ती परीक्षा येते हे त्याला एकदा दिसू दे.